मोटारसायकलचे मागचे चाक: काढणे आणि बसविणे

मोटारसायकलच्या मागच्या चाकाकडे इंजिनाची शक्ती साखळीवाटे येते, आणि ब्रेक दाबला म्हणजे तेच चाक वाहनाचा वेग रोखण्यास हातभार लावते. अशा परस्परविरुद्ध दोन कामांमुळे हे चाक काढणे जितके सोपे, तितकेच ते पुन्हा बसविणे जोखमीचे असते. ट्यूबला भोक पडले किंवा ब्रेकचे अस्तर झिजले, तर हे काम घरच्या अंगणातही करता येते. मात्र कोणता भाग कशासाठी आहे हे आधी समजून घ्यावे. येथे आऱ्यांचे चाक, ड्रम ब्रेक आणि साखळी असलेले साधे वाहन डोळ्यांपुढे ठेवले आहे. डिस्क ब्रेकची रचना निराळी असते.

वाहन सपाट व टणक जमिनीवर मधल्या स्टँडवर उभे करावे, इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी आणि धुराडे निवू द्यावे. चाक फिरवायचे ते हातानेच. इंजिन चालू ठेवून साखळी पुसण्याची खोड काही जणांना असते. दातेरी चाक आणि साखळी यांच्या मध्ये सापडलेले बोट तुटण्यास क्षणही लागत नाही.

प्रथम ब्रेकच्या दांड्याच्या टोकाचा नट काढावा. नंतर ब्रेकची तबकडी फोर्कशी जोडणाऱ्या पट्टीचा बोल्ट सोडवावा. मग आसेचा, म्हणजे कारागिरांच्या बोलीतील एक्सलचा, मोठा नट सैल करून काढावा व आस ओढून घ्यावी. ती अडली तर तिच्या आट्यांवर हातोडा मारू नये; नट टोकाशी परत चढवून लाकडाच्या ठोकळ्यावरून हलके ठोके द्यावेत. काही वाहनांत मागचे दातेरी चाक साखळीसह जागीच राहते व चाक रबराच्या ठोकळ्यांवरून बाजूला सरकते. इतरांत साखळी दातेरी चाकावरून उतरवावी लागते किंवा तिच्या जोडकडीची क्लिप काढावी लागते. सुटलेला प्रत्येक भाग काढल्याच्या क्रमाने थाळीत मांडून ठेवावा. आसेवरील डावी व उजवी नळी बहुधा सारख्या लांबीच्या नसतात. त्यांची अदलाबदल झाली तर चाक एका अंगाला बसते.

ब्रेकमधील धूळ फुंकरीने उडवू नये. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकते व त्याचे तंतू फुप्फुसांस घातक असतात. धूळ ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. अस्तराला तेलाचा वा ग्रीसचा स्पर्शही होऊ देऊ नये.

चाक परत बसविताना वर उल्लेखिलेली पट्टी विसरणे ही सर्वांत घातक चूक होय. ब्रेक दाबल्यावर अस्तर फिरत्या ड्रमला पकडते, आणि ड्रम उलट अस्तरासह साऱ्या तबकडीला आपल्याबरोबर फिरवू पाहतो. त्या ओढीला पट्टी अडविते. रस्ता चाकाला 500 न्यूटन बलाने रोखीत आहे व चाकाची त्रिज्या 0.3 मीटर आहे असे समजा; परिबल 150 न्यूटन-मीटर होते. पट्टीचा बोल्ट केंद्रापासून 0.1 मीटरवर असेल, तर त्याच्यावर 1500 न्यूटन, म्हणजे सुमारे दीडशे किलोग्रॅम वजनाएवढा भार येतो. बोल्ट नसेल तर तबकडी गरकन फिरते, दांडा पिळवटतो आणि चाक धावत्या वाहनाखाली एकाएकी जाम होऊ शकते. म्हणून हा बोल्ट घट्ट करावा आणि त्याला जुनी नव्हे, नवी खिळपिन घालावी.

आता साखळी. 1880 साली हान्स रेनॉल्ड यांनी मँचेस्टर येथे पेटंट घेतलेल्या रोलर साखळीचीच ही वंशज आहे. ती 'ताणली' असे आपण म्हणतो, पण पोलाद लांबत नाही. कड्यांतील खिळे व नळ्या झिजतात. एका कडीत 0.05 मिलिमीटर झीज झाली, तरी 110 कड्यांत ती 5.5 मिलिमीटर होते.

तरीही साखळी तंतोतंत ताठ करू नये. मागचा फोर्क खाचखळग्यांवर वरखाली हलतो आणि त्याची बिजागरी गिअरबॉक्सच्या दातेरी चाकाच्या मागे असते. पुढचे दातेरी चाक, बिजागरी आणि आस एका रेषेत आली की दोन्ही दातेरी चाकांतील अंतर सर्वाधिक होते. तेवढ्यासाठी सैलपणा हवा. खालच्या बाजूच्या मध्यावर तो बहुधा 20 ते 30 मिलिमीटर असतो, नेमका आकडा वाहनाच्या पुस्तिकेत पाहावा. साखळी सर्वत्र सारखी झिजत नसल्यामुळे चाक फिरवून हे माप चार-पाच ठिकाणी घ्यावे व जेथे ती सर्वांत ताठ असेल तेथले प्रमाण मानावे. दोन्ही बाजूंचे स्क्रू सारखेच फिरवावेत, म्हणजे फोर्कवरील खुणा जुळतील. खुणांवरच विसंबू नये. मागे बसून साखळी सरळ धावते का हे डोळ्यांनी पाहावे. क्लिप काढली असेल, तर तिचे बंद टोक साखळीच्या गतीच्या दिशेला, म्हणजे वरच्या बाजूस असताना पुढे, यावे.

आसेचा नट घट्ट करताना साथीदाराने ब्रेकचा पायटा दाबून धरला तर अस्तर ड्रममध्ये मध्यावर बसते. नंतर दांड्याच्या नटाने पायट्याची ढील ठरवावी, चाक हाताने मोकळे फिरते का व ब्रेकचा दिवा वेळेवर लागतो का हे पाहावे. पहिली फेरी रहदारी नसलेल्या रस्त्यावर, हळू वेगाने आणि एकट्याने घ्यावी. परत आल्यावर आसेचा नट, पट्टीचा बोल्ट व साखळीची ढील पुन्हा एकदा तपासावी.