लोन चालू, इंजिनावर शंका: अशी गाडी विकायची कशी?

व्हिडिओत हा विषय जरा धावता झाला, म्हणून इथे सविस्तर.

धंद्याला भांडवल हवंय. दारात सहा-सात वर्षांची गाडी उभी आहे, तिचे हप्ते अजून चालू आहेत आणि हल्ली ती घाटात गरम होतेय. "काढून टाकू, सुटू एकदाचे" असं वाटणं साहजिक आहे. पण याच घाईत लोक फसतात. फसवतातही.

गिऱ्हाईक शोधण्याआधी बँकेकडून फोरक्लोजर स्टेटमेंट घ्या. ॲपवर दिसते ती बाकी मुद्दल. प्रत्यक्ष भरायच्या रकमेत त्या दिवसापर्यंतचं व्याज, फोरक्लोजर चार्ज, त्यावरचा जीएसटी आणि चुकलेल्या हप्त्यांचे दंड येतात.

मग गाडीचं निदान करा. दुरुस्ती नाही म्हणत मी, निदान! कूलंट कमी होतंय पण गळती कुठेच दिसत नाही, गरम इंजिनातूनही पांढरा धूर येतोय, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा आहे, तर हेड गॅस्केटचा संशय येतो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. आणि फक्त थर्मोस्टॅट किंवा रेडिएटरचा फॅन गेला असेल, तर काम खूप स्वस्तात होतं. कोणतं ते चांगल्या गॅरेजमधून लेखी घ्या, खर्चाच्या अंदाजासह.

हिशोब बघा. समजा फोरक्लोजरची रक्कम 2,90,000 आहे आणि गाडी ठणठणीत असती तर 3,60,000 आले असते. गॅरेजने 35,000 चं काम सांगितलं. कागद नसेल तर गिऱ्हाईक 35,000 कापत नाही, "इंजिनच गेलं असेल" या भीतीने सरळ 80,000 कापतो. म्हणजे 2,80,000 मिळाले, आणि गाडी विकून वर 10,000 तुमच्याच खिशातून बँकेला! कागद दाखवून 40,000 वर तोडलं, तर हातात 30,000 राहतात. दोष सांगितल्याने किंमत पडतेच, पण कागद नसताना ती जास्त पडते.

आता काही "हुशार" सल्ले. घट्ट ऑइल टाका, धूर दिसणार नाही. बॅटरीची वायर काढून चेक इंजिनचा दिवा घालवा. थोडं चालवलं की दिवा परत येतो आणि मागोमाग गिऱ्हाईकही येतो. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 17 प्रमाणे माहीत असलेली गोष्ट मुद्दाम लपवणं ही फसवणूक ठरते, आणि कलम 19 प्रमाणे समोरचा व्यवहार रद्द करू शकतो. तोवर तुमचे पैसे धंद्याच्या मालात अडकलेले असतात. त्यापेक्षा विक्री करारात सरळ लिहा: "गाडी चढावर गरम होते, गॅरेजचा अंदाज खरेदीदारास दाखवला आहे." खाली दोघांच्या सह्या.

याहून मोठा धोका वेगळाच आहे. नोटरीवर करार करायचा, गाडी द्यायची, पुढचे हप्ते तो भरेल! हे गावोगाव चालतं. बँकेच्या दृष्टीने कर्जदार तुम्हीच राहता. गाडी बंद पडली की त्याचा हप्ताही बंद पडतो आणि सिबिल तुमचा खराब होतो. मग उद्या धंद्यासाठी मुद्रा लोन मागायला कोणत्या तोंडाने जाल? शिवाय गाडीने अपघात केला तर? 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं, की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याची. तिथे गाडी हातोहात पुढे विकली गेली होती, नाव मात्र पहिल्याचंच राहिलं होतं.

सरळ रस्ता असा. खरेदीदाराला बँकेत सोबत न्या आणि त्याच्या पैशातली फोरक्लोजरची रक्कम थेट लोन खात्यात भरायला लावा. उरलेले पैसे कधी द्यायचे ते करारात लिहा. लोन बंद झालं की बँक एनओसी आणि फॉर्म 35 देते. ते लगेच हातात मिळेलच असं नाही, हे खरेदीदाराला आधीच सांगा. त्यावर आरसीवरचा बोजा उतरतो, मग फॉर्म 29 आणि 30 भरून नाव बदलायचं. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. "एजंट करेल" म्हणून सोडू नका, नाव बदललं का ते परिवहन पोर्टलवर स्वतः बघा. डीलरला देत असाल तर तो आरटीओकडे अधिकृत आहे का ते विचारा. असेल तर गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची ऑनलाइन सूचना फॉर्म 29सी ने जाते.

ताबा देताना पावतीवर तारखेसोबत वेळही लिहा, किलोमीटरचा आकडा लिहा. विम्याचा नो क्लेम बोनस तुमचा असतो, गाडीचा नाही. कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, पुढच्या गाडीला चालतं. आणि फास्टॅग त्याच दिवशी बंद करा, नाहीतर गाडी त्याची, टोल तुमचा.