ओटीपी दोघांनीही मागितला, मग खरं कोण?

प्रश्न : माझे वडील 74 वर्षांचे आहेत. मागच्या आठवड्यात त्यांना फोन आला, "काकाजी, सत्तरीवरच्यांचं पाच लाखांचं कार्ड तुमच्या नावानं मंजूर झालं. 499 रुपये भरा आणि मोबाइलवर आलेला नंबर सांगा." वडिलांनी फोन ठेवून दिला. दोन दिवसांनी गावातल्या आशाताई त्याच कार्डासाठी घरी आल्या आणि त्यांनीही ओटीपीच मागितला! वडिलांनी त्यांनाही चहा पाजून परत पाठवलं. आता हे कार्ड खरं की खोटं? आणि ओळखायचं कसं?
– एक वाचक, लोहारा (जि. यवतमाळ)

उत्तर : चहा पाजला हे बरं झालं, कारण आशाताईंना पुन्हा बोलवावं लागणार आहे. कार्ड खरं आहे. 29 ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं आणि त्यावर आयुष्मान भारत योजनेतल्या रुग्णालयांत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत होतात. वय आधार कार्डावरचं धरतात. कार्डाला फी नाही, हप्ता नाही. त्यामुळे 499 रुपयांचं नाव निघालं तिथेच तो फोन खोटा ठरला. "सत्तरी व्हायला दोन वर्षं आहेत, पण आपण करून देऊ," म्हणणाराही त्याच माळेतला.

आता ओटीपीचा गुंता. "ओटीपी कोणालाच सांगू नका" हे आपण इतकं घोकलंय की खऱ्या कामालाही लोक घाबरतात. ओटीपी म्हणजे तुमची सही. ती कोणत्या कागदावर होते आहे, ते बघायचं. कार्ड काढताना आधारची पडताळणी होते, म्हणून आधारकडून ओटीपी येतो. बँकेचा ओटीपी असेल तर संदेशात बहुधा रक्कम किंवा व्यवहाराचं नाव लिहिलेलं असतं. तेव्हा आधी संदेश पूर्ण वाचायचा, घाई करणाऱ्याला थांबवायचं. फोनवर मात्र कोणताच ओटीपी द्यायचा नाही, आधारचासुद्धा नाही. ओळखीच्या आशाताई समोर बसल्या आहेत, त्यांच्या मोबाइलवर आयुष्मानचं अ‍ॅप उघडलेलं दिसतंय, तर द्यायला हरकत नाही. तरीही मन धजत नसेल तर चेहऱ्याचा फोटो घेऊनही पडताळणी होते. तसं त्यांना सांगा. व्हॉट्सअ‍ॅपवर कार्डाच्या नावाखाली एखादी फाइल आली तर ती उघडू नका. अशा फाइलमधून मोबाइलमध्ये शिरलेलं अ‍ॅप ओटीपी परस्पर वाचू शकतं.

ओटीपीपेक्षा मला अंगठ्याची काळजी जास्त वाटते. खात्याला आधार जोडलेलं असेल, तर बोटाच्या ठशावर पैसे काढता येतात; गावातला बँक मित्र तसेच देतो. तिथे ओटीपी लागत नाही. अनोळखी माणूस दारात छोटं यंत्र घेऊन आला, "कार्डासाठी अंगठा द्या, आजी" म्हणाला आणि "उमटला नाही, परत द्या" असं करत तीनदा ठसा घेतला, तर पासबुक भरेपर्यंत घरात कोणाला पत्ता लागत नाही. आधारमधले ठसे कुलूपबंद करण्याची सोय आधारच्या अ‍ॅपमध्ये आहे. वृद्धांसाठी ती मुलांनी करून द्यावी. खरं काम निघालं की कुलूप काढता येतं.

दुसरा गैरसमज असा, की कार्डाचा कोणी गैरवापर केला तरी पैसा सरकारचा, आपलं काय जातं? जातं ते आपलंच. पाच लाख ही वर्षाची मर्यादा आहे. न झालेली शस्त्रक्रिया तुमच्या नावावर दाखवली, तर खऱ्या दुखण्याच्या वेळी तेवढे पैसे कमी. भारताच्या महालेखापरीक्षकांच्या 2023 च्या अहवालात अशा 3,446 रुग्णांची नोंद आहे, जे योजनेच्याच नोंदींत आधी मृत दाखवलेले होते आणि नंतरही त्यांच्यावर उपचार झाल्याचं दाखवून सुमारे 6 कोटी 97 लाख रुपये दिले गेले.

पैशाहून मोठं नुकसानही होतं. नोव्हेंबर 2024 मध्ये अहमदाबादच्या ख्याती रुग्णालयाने मेहसाणा जिल्ह्यातल्या बोरीसणा गावात मोफत शिबिर घेतलं. गावातल्या 19 जणांना अहमदाबादला नेलं, सात जणांची अँजिओप्लास्टी झाली आणि दोघे दगावले. नातेवाइकांचा आरोप होता की त्यांना विचारलंच नाही. पुढे गुन्हे दाखल झाले आणि रुग्णालयाला योजनेतून वगळण्यात आलं. म्हणून शिबिरात तपासणी जरूर करा, पण त्याच गाडीत बसून शस्त्रक्रियेला जाऊ नका. घरी या, मुलांना सांगा, यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कागद दाखवा. कार्ड कोणाकडे ठेवायला देऊ नका आणि कोऱ्या फॉर्मवर सही करू नका.

खासगी विम्याच्या नावाने फोन येतात ते वेगळे. "विमा नियामकाकडून बोलतोय, तुमचा बोनस अडकलाय" ही त्यातली जुनी थाप. आयआरडीएआय ही विमा नियामक संस्था पॉलिसी विकत नाही आणि बोनसही वाटत नाही.

तक्रार कुठे करायची, ते पैसे गेले की नाही यावर ठरतं. गेले असतील तर आधी सायबर फसवणुकीचा 1930 लावा, लगेच बँकेला कळवा. ओटीपी आपण स्वतः दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान सहसा आपल्या अंगावर पडतं, म्हणून लाजेपायी दोन दिवस गप्प बसणं सगळ्यात महाग पडतं. मग लोहारा पोलीस ठाण्यात जा. फोन कुठूनही आलेला असो, तक्रार तिथे देता येते. कार्ड असून रुग्णालयाने पैसे मागितले तर आधी तिथल्या आरोग्यमित्राला गाठा, नाहीतर आयुष्मानचा 14555 किंवा राज्याच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा 155388 लावा. खासगी पॉलिसी गळ्यात मारली असेल, तर ती हाती पडल्यापासून 30 दिवसांत परत करता येते. कंपनी दाद देत नसेल तर 155255 वर विमा नियामकाकडे तक्रार करा. त्यापुढे विमा लोकपाल आहेत. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.

वडिलांचा पैसा वाचला आहे, पण फोन करणाऱ्याचा क्रमांक दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर 'चक्षू'मध्ये जरूर कळवा. त्याच्या यादीतले पुढचे काकाजी तुमच्याच गल्लीतले असू शकतात.