पुसणार कोण?

काळी गाडी घेणाऱ्याला मी मायलेजच्या आधी विचारतो, पुसणार कोण?

आमच्या सोसायटीत पहाटे एक मुलगा येतो. एक बादली, एक फडकं आणि डझनभर गाड्या. तिसऱ्या गाडीला पाणी गढूळ होतं, फडक्यात रेती बसते आणि पुढच्या प्रत्येक बॉनेटवर तीच रेती घासली जाते. वर्षभरात माझ्या बॉनेटवर बारीक गोल रेघांचं जाळं तयार झालं. सावलीत काही दिसत नाही, पण ऊन पडलं की बघवत नाही. पोराला बोल लावण्यात अर्थ नाही. आपण देतो त्या पैशांत दोन बादल्या कोण बदलेल?

पुढचं नुकसान गॅरेजात झालं. ‘रबिंग मारतो, नवी करकरीत दिसेल.’ दिसलीही. पण रबिंग रेघा भरत नाही, भोवतीचा थर खरवडून सपाट करतं. वरचा पारदर्शक क्लिअर कोट जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही बारीक. असं किती वेळा खरवडणार? शिवाय खालच्या काळ्या प्लास्टिकवर पॉलिशचे पांढरे डाग राहिले ते वेगळेच. ते शाम्पूचं पाणी आणि मऊ टूथब्रशने मलाच काढावे लागले. पॉलिशआधी कडांना मास्किंग टेप लावायला सांगा. लावत नसेल तर गाडी परत आणा.

आता धूळ कोरडी पुसू देत नाही. आधी पाइपचं भरपूर पाणी, मग सावलीत कार शाम्पू, टपापासून खाली. साबणाची बादली वेगळी, फडकं खळबळायची वेगळी, चाकांचं फडकं तिसरंच. कपड्यांची पावडर नको, ती मेणाचा थर धुऊन नेते. बोअरचं पाणी अंगावर वाळू दिलं तर क्षारांचे ठिपके पडतात, म्हणून लगेच मायक्रोफायबरने टिपायचं.

कोकणात मोहराच्या दिवसांत आंब्याखाली गाडी लावाल तर तुडतुड्यांचा चिकटा काचेपासून टपापर्यंत बसतो. तो नखाने किंवा कोरड्या कापडाने काढू नका; कोमट पाण्याने भिजवा, सुटतो. पक्ष्यांच्या विष्ठेलाही तेच, फक्त घाई जास्त. एप्रिलच्या तापल्या पत्र्यावर ती दुपारभरात रंगात खोल डाग पाडते. ओलं फडकं पाच-दहा मिनिटं वर ठेवायचं आणि उचलून घ्यायचं, रगडायचं नाही.

सर्व्हिसिंगनंतर बंपर, बीडिंग काळंभोर चकाकत असेल तर वास घ्या. डिझेल मारलेलं असतं कधीकधी. चार दिवस चमकतं, धूळ धरतं आणि रबर फुगवून सैल करतं. प्लास्टिकसाठी ऊन रोखणारं पाण्यातलं ड्रेसिंग मिळतं. फडक्यावर थोडं घेऊन लावायचं, उरलेलं पुसून टाकायचं. टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागावर मात्र थेंबही नको, ब्रेक दाबल्यावर घसरेल.