बऱ्हाणपूरचे पाणी

मुलांनो, यावलहून पूर्वेकडे निघाले की फैजपूर, सावदा, रावेर ही गावे लागतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा दिसतात. डाव्या हाताला सातपुड्याची निळी रांग सोबत करते. रावेर मागे पडले की महाराष्ट्राची हद्द संपते आणि थोड्याच वेळात तापीकाठचे बऱ्हाणपूर येते. आज हे शहर मध्य प्रदेशात आहे. पण एके काळी ते आपल्या खानदेशची राजधानी होते.

खानदेशावर फारुकी सुलतानांचे राज्य होते. त्यांची आधीची राजधानी धुळे जिल्ह्यातील थाळनेर. सुलतान नासीरखान याने इ. स. १४०० च्या सुमारास तापीच्या उत्तर तीरावर नवे शहर वसवले. खुलताबादला ज्यांची कबर आहे, त्या सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे नाव त्याने शहराला दिले. समोरच्या तीरावरील वस्तीला संत जैनुद्दीन यांच्यावरून जैनाबाद म्हणू लागले.

जागा मोठी मोक्याची होती. उत्तरेकडून दख्खनला येणारी वाट सातपुड्याच्या खिंडीतून इथेच उतरते. त्या वाटेवर सुमारे वीस किलोमीटरवर अशीरगडचा बळकट किल्ला आहे. पश्चिमेला सुरतेचे बंदर. त्यामुळे इथले कापड दूरदेशी जाई. १६०१ मध्ये अकबराने अशीरगड घेतला आणि फारुकी राज्य संपले. पुढे बऱ्हाणपूर मोगलांचे दख्खनमधील मुख्य ठाणे झाले. १६३१ मध्ये मुमताजमहल इथेच वारली. तिला आधी जैनाबादेत दफन केले होते, हे फार थोड्यांना माहीत असते. १६८१ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने या श्रीमंत शहरावर छापा घातला.

शहरातील जामा मशीद अवश्य पाहावी. फारुकी सुलतान राजा अलीखान याने ती बांधली. तिच्यात अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे.

पण बऱ्हाणपूरचे खरे नवल जमिनीखाली आहे. तापीचे पात्र खोल, शहर उंचावर. पावसाळ्यात नदी गढूळ होते. फौजा, कारागीर, व्यापारी यांनी भरलेल्या शहराला पाणी पुरवायचे कसे? अब्दुर्रहीम खानखानान इथे सुभेदार असताना, १६१५ च्या सुमारास, इराणी जाणकाराच्या मदतीने यावर उपाय निघाला. सातपुड्यावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि आतल्या आत तापीकडे झिरपतो. हे पाणी वाटेतच अडवण्यासाठी भुयारे खोदली. भुयारावर ठरावीक अंतराने विहिरींसारख्या कुंड्या बांधल्या. भुयाराला उतार इतका बेताचा, की पाणी आपोआप शहराकडे वाहत येई. ना मोट, ना रहाट! याला कुंडी भंडारा किंवा खुनी भंडारा म्हणतात. त्याच्या शंभराहून अधिक कुंड्या आहेत आणि त्यात आजही पाणी वाहते. २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत त्याचे नाव आले.

मात्र पाण्यातील चुना साचून भुयारे अरुंद होत आहेत. भोवताली कूपनलिकाही वाढल्या आहेत. हा प्रश्न बऱ्हाणपूरचा एकट्याचा नाही. यावल-रावेर भागातही पाऊस जेवढे पाणी जमिनीत मुरवतो, त्याहून अधिक आपण केळीसाठी उपसतो. सातपुडा तोच, तापी तीच आणि जमिनीखालचे पाणीही तेच आहे.

शब्दार्थ : मोक्याची – महत्त्वाची, भुयार – सुरंग, झिरपणे – रिसणे, कूपनलिका – बोअरवेल.

स्वाध्याय
१. बऱ्हाणपूरची जागा मोक्याची का होती?
२. कुंडी भंडाऱ्यात पाणी आपोआप कसे वाहते? आकृती काढून सांगा.
३. तुमच्या गावात विहिरीला पूर्वी किती फुटांवर पाणी लागे आणि आज किती फुटांवर लागते, ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.