कामाचे शब्द, कर्तव्याचे शब्द

रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यात, भारजा नदीच्या मुखाशी केळशी हे गाव वसले आहे. नारळी-पोफळीच्या वाड्या, महालक्ष्मीचे देवालय, याकूबबाबांचा दर्गा, शाळा, ग्रामपंचायत आणि किनाऱ्यावरील होड्या असा या गावाचा पसारा आहे. सकाळी येथे कोणासही विचारावे, तो कामाला निघालेला असतो. पोफळीला शिंपणे करणारा गडी कामाला जातो, शिक्षक कामाला जातो आणि सातबाराचा उतारा हवा असलेला शेतकरीही दापोलीला "कामासाठी" जातो. मराठीला या सर्वांसाठी एक 'काम' पुरते. इंग्रजीला ते पुरत नाही. तेथे 'वर्क', 'जॉब', 'टास्क', 'ड्यूटी', 'ऑब्लिगेशन', 'रिस्पॉन्सिबिलिटी', 'लायबिलिटी' असे निरनिराळे शब्द आहेत आणि त्यांच्या सीमा सूक्ष्म आहेत.

हा भेद केवळ परीक्षार्थींच्या उपयोगाचा नाही. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर १९६० मध्येच शासनाने भाषा संचालनालय सुरू केले. पुढे १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने राज्यकारभाराची भाषा मराठी ठरली. इंग्रजीतील शेकडो संज्ञांना मराठी प्रतिशब्द योजावे लागले. त्या वेळी 'काम' या एका शब्दावर भागण्यासारखे नव्हते, कारण कायद्यात शब्द बदलला की माणसाचा हक्कही बदलतो.

काम आणि नोकरी

'वर्क' म्हणजे श्रम. तो मोजता येत नाही, म्हणून या अर्थी त्याचे अनेकवचन होत नाही. 'अ वर्क' असे म्हटले तर इंग्रज वाचकास ग्रंथ किंवा कलाकृती अभिप्रेत वाटते. 'जॉब' मात्र मोजता येतो, मिळतो आणि जातोही. मराठीत "काम मिळाले" आणि "नोकरी लागली" यांत जे अंतर आहे, तेच येथे आहे. वाडीत रोजंदारीने राबणाऱ्यास वर्षभर 'वर्क' असू शकते, तरीही त्यास 'जॉब' आहे असे तो स्वतः म्हणणार नाही.

'टास्क' म्हणजे नेमून दिलेले, सुरुवात आणि शेवट असलेले काम. त्यास मराठीत 'कामगिरी' हा शब्द जवळचा आहे. 'टास्क' आणि 'टॅक्स' हे दोन्ही शब्द एकाच लॅटिन मुळातून आले आहेत. कराप्रमाणे वरून लादलेले श्रम हा 'टास्क'चा जुना अर्थ होय.

कर्तव्य, बंधन आणि जबाबदारी

'ड्यूटी' हा शब्द 'देय' या अर्थाच्या शब्दापासून बनला आहे. जे कोणाचे तरी देणे लागते ती ड्यूटी. म्हणूनच आयात मालावरील शुल्कासही इंग्रजीत ड्यूटीच म्हणतात. आपल्याकडील देवऋण, ऋषिऋण व पितृऋण यांमागे हीच कल्पना आहे. 'ऑब्लिगेशन'च्या मुळाशी बांधणे हा अर्थ आहे आणि मराठीतील 'बांधिलकी' हा शब्दही बांधण्यावरूनच आला आहे. 'रिस्पॉन्सिबिलिटी' म्हणजे उत्तर देण्यास बांधलेले असणे. फारसीतून आलेल्या 'जवाब' शब्दापासून बनलेली आपली 'जबाबदारी' नेमके तेच सांगते. दोन दूरच्या भाषा एकाच प्रतिमेपर्यंत पोहोचल्या, ही गोष्ट अभ्यासकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. 'लायबिलिटी' म्हणजे दायित्व. काही बिघडले किंवा थकले, तर भरपाई कोणाकडून वसूल व्हायची, हे त्यातून ठरते.

हे सारे शब्द एका उदाहरणात पाहता येतात. केळशीसारख्या गावातील नळपाणी योजना घ्यावी. सकाळी ठरल्या वेळी पंप सुरू करणे हा कर्मचाऱ्याचा टास्क. योजनेची नोंद व देखभाल नियमाने ठेवणे ही संबंधित सेवकाची ड्यूटी. पाणीपट्टी भरणे हे कुटुंबाचे ऑब्लिगेशन. विजेचे देयक थकले तर ती पंचायतीची लायबिलिटी. आणि नळाला पाणी का आले नाही, याचे ग्रामसभेत उत्तर देणे ही सरपंच व पंचायत यांची रिस्पॉन्सिबिलिटी. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानेही, ग्रामनिधी पुरेल त्या मर्यादेत गावात सोयी करणे हे पंचायतीचे कर्तव्य म्हणूनच सांगितले आहे.

आता नळ कोरडा पडला आणि प्रत्येकाने "ते माझे काम नाही" असे म्हटले, तर एका अर्थी कोणीच खोटे बोलत नाही. पंप चालविणे हे सरपंचांचे काम नव्हे आणि देयक भरणे हे कर्मचाऱ्याचे नव्हे. परंतु 'काम' या ऐसपैस शब्दाच्या आडोशाला जबाबदारी लपून राहते. "हे काम कोणाचे?" याऐवजी "याचे उत्तर कोण देणार?" असा प्रश्न विचारला, की ती पुन्हा समोर येते.

इंग्रजीला न सापडलेला शब्द

शब्दांची उणीव मराठीकडेच असते असे नाही. खोतीच्या काळात कोकणातील कुळांना खोतासाठी विनामोबदला राबावे लागे. त्यास 'वेठ' म्हणत. केळशीच्या शेजारच्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. त्यांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्ष खोती निर्मूलनाचा कायदा १९४९ मध्ये झाला. पुढे राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ ने सक्तीच्या श्रमास मनाई केली, तेव्हा इंग्रजी मसुद्यातही 'बेगार' हा आपल्याकडचा शब्द जसाच्या तसा ठेवावा लागला. त्याच अनुच्छेदाने सार्वजनिक प्रयोजनासाठी अनिवार्य सेवा लावण्याची मुभा राज्यास दिली, मात्र त्यात धर्म, वंश, जात किंवा वर्ग यांवरून भेदभाव होता कामा नये. वेठ आणि नागरी सेवा यांतील रेषा तेथे आखली गेली. १९८२ मध्ये, दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनाहून कमी मजुरीत काम करून घेणे हीही सक्तीची मजुरीच ठरविली.

कर्तव्य आणि कायदेशीर बंधन यांतील फरकही घटनेतच दिसतो. दापोलीत शिकलेले भारतरत्न पां. वा. काणे यांनी 'धर्मशास्त्राचा इतिहास' या ग्रंथाच्या अखेरच्या खंडात, घटना हक्क सांगते पण कर्तव्ये सांगत नाही, याकडे लक्ष वेधले होते. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मूलभूत कर्तव्ये घटनेत आली. ती कर्तव्ये आहेत, परंतु त्यांच्या आधारे नागरिकावर थेट खटला भरता येत नाही. 'ड्यूटी' आहे, त्यामागे दंडाचे बंधन नाही.

'करील' आणि 'करता येईल'

क्रियापदांतही असाच भेद आहे. "दापोलीला जावे लागते" यात परिस्थितीचा रेटा आहे. तो इंग्रजी 'हॅव टू'. "गेलेच पाहिजे" यातील आग्रह 'मस्ट'चा आणि "जायला हवे" यातील सौम्य सल्ला 'शुड'चा. कायद्यातील 'शॅल' मराठीत 'करील' होतो आणि 'मे' हा 'करता येईल' होतो. पहिल्याने अधिकारी सामान्यतः बांधला जातो, दुसऱ्याने त्यास विवेक वापरण्यास वाव मिळतो.

महाराष्ट्राच्या १९७७ च्या रोजगार हमी अधिनियमाने हा भेद गावोगाव पोहोचविला. काम मागणे हा ग्रामीण मजुराचा हक्क झाला. मागणीनंतर पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्त्याची तरतूद झाली. ज्यास पूर्वी दुष्काळातील मदत म्हणत, ते शासनाचे दायित्व बनले. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ने अधिसूचित दाखल्यांच्या बाबतीत तेच केले. दाखला ठरलेल्या मुदतीत देणे हे पदनिर्देशित अधिकाऱ्याचे बंधन असून, पुरेशा कारणाशिवाय कसूर झाल्यास ५०० ते ५,००० रुपये शास्तीची तरतूद आहे. अर्जदाराने "तेवढे माझे काम करून द्या" अशी विनवणी करण्याचे कारण उरलेले नाही.

शेवटी एक शब्द असा, की ज्यापुढे इंग्रजी कोश अडखळतो. कोकणात शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी निघते. पालखी खांद्यावर वाहणे हे कष्टाचे काम, पण गावकरी त्यास काम म्हणत नाहीत आणि कर्तव्यही म्हणत नाहीत. तो 'मान' असतो. त्यात भार असतो, बांधिलकी असते, चुकल्यास गावापुढे उत्तर द्यावे लागते, आणि तरीही तो दुसऱ्याने घेऊ नये असे मानकऱ्यास वाटते. सार्वजनिक पदावर बसलेल्या प्रत्येकाने आपल्या टेबलावरील कागदाकडे पाहताना हा शब्द आठवावा.