इंग्रजीचे अध्ययन, ऑनलाइन साधने आणि विद्यार्थ्यांचे मत

प्राथमिक शिक्षण मराठी अथवा कोकणी माध्यमातून घेतलेला गोव्यातील विद्यार्थी विद्यापीठात येतो, तेव्हा विषयाचे ज्ञान असूनही इंग्रजीत प्रश्न विचारताना तो पुष्कळदा अडखळतो. चुकलो तर वर्गात हसे होईल, ही भीती त्याच्या मनात असते. अशा विद्यार्थ्यास ऑनलाइन साधने आपलीशी वाटावीत, हे स्वाभाविकच आहे. यंत्रापुढे संकोच नसतो आणि एकच वाक्य दहा वेळा ऐकता येते.

साधनांची उणीवही नाही. बीबीसीने १९४३ साली नभोवाणीवरून सुरू केलेल्या इंग्रजी पाठांची परंपरा आज इंटरनेटवर विनामूल्य चालू आहे. २०१२ साली सर्वांस खुले झालेले ड्युओलिंगो खेळाच्या अंगाने शब्दसंग्रह वाढविते. केंद्र शासनाच्या ‘स्वयम्’ या व्यासपीठावर २०१७ पासून विद्यापीठीय अभ्यासक्रम उपलब्ध आहेत.

या साधनांविषयी विद्यार्थ्यांची मते अजमावताना बहुधा दोन प्रश्न विचारले जातात : साधन उपयुक्त वाटते काय, आणि ते वापरण्यास सोपे वाटते काय? फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ साली मांडलेल्या या कसोट्यांवरून साधन स्वीकारले जाईल किंवा कसे, याचा अंदाज येतो. मात्र त्यावरून भाषा किती आली, हे कळत नाही. हार्वर्ड विद्यापीठातील पदार्थविज्ञानाच्या वर्गांत झालेला एक प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात स्वतः उदाहरणे सोडविण्याच्या तासाला विद्यार्थी अधिक शिकले. परंतु व्याख्यानाच्या तासालाच आपण अधिक शिकलो, असे त्यांना वाटले. सुलभता म्हणजे प्रगती नव्हे, हाच त्याचा बोध.

इंग्रजीपुरते उदाहरण घेऊ. मराठीत ‘ए’, ‘ॲन’, ‘द’ यांसारखी उपपदे नाहीत. पडद्यावरील पर्यायांतून योग्य उपपद निवडणे विद्यार्थ्यास जमते. स्वतःचा परिच्छेद लिहिताना मात्र तेच उपपद गळून पडते. ओळखणे आणि योजणे यांत हे अंतर आहे.

म्हणून विद्यार्थ्यांनी पुढील क्रम अनुसरावा. रोज वीस मिनिटे ऐकावे व ऐकलेले मोठ्याने म्हणावे. आपला आवाज ध्वनिमुद्रित करून मूळ उच्चाराशी ताडून पाहावा. आठवड्यातून एकदा यंत्राच्या साहाय्याविना दहा वाक्ये लिहावीत, ती प्राध्यापकांकडून तपासून घ्यावीत आणि यंत्राकडील दुरुस्ती त्यानंतरच पाहावी. महाविद्यालयांनीही केवळ मते न विचारता सत्राच्या आरंभी व अखेरीस लेखनाचा एकेक नमुना घ्यावा.

विद्यार्थ्यांचे मत मोलाचे आहेच. त्याची अडचण कोठे आहे, हे त्यातूनच समजते. परंतु एकांतात यंत्राशी बोललेले इंग्रजी ज्या दिवशी तो भर वर्गात प्रश्न विचारण्यासाठी वापरील, त्याच दिवशी ते साधन खऱ्या अर्थाने उपयोगी पडले असे म्हणता येईल.