विद्युत मोटारीची बॅटरी : क्षमतेच्या ऱ्हासाचे मूल्यमापन

छत्तीसगढ शासनाने २०२२ मध्ये विद्युत वाहन धोरण जाहीर केले. त्यानंतर रायपूरसारख्या शहरात जुन्या विद्युत मोटारींच्या खरेदी-विक्रीचा प्रश्नही पुढे येणे स्वाभाविक आहे. पेट्रोल मोटारीची किंमत तिच्या इंजिनावरून ठरते. विद्युत मोटारीत तेच स्थान बॅटरीचे आहे. बॅटरी हा या वाहनाचा सर्वांत महाग भाग असल्याने तिची उरलेली क्षमता जाणून घेणे ग्राहकाच्या हिताचे ठरते.

ऱ्हासाची कारणे

लिथियम-आयन बॅटरीची क्षमता वापराने आणि काळानेही घटते. ऋण विद्युतअग्रावर साचणाऱ्या थरात काही लिथियम कायमचे अडकून पडते. उष्णतेमुळे ही क्रिया वेगाने घडते. रायपूरचा उन्हाळा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचतो. अशा वेळी पूर्ण भारित मोटार दिवसेंदिवस उन्हात उभी ठेवणे विशेष हानिकारक होय.

मापनाची रीत

समजा, एका मोटारीच्या बॅटरीची वापरयोग्य क्षमता नवी असताना ३० युनिट (किलोवॅट-तास) होती. पूर्ण भारित करून ती १६० किलोमीटर चालवली आणि भार २० टक्क्यांवर आला. फलकावर सरासरी वापर किलोमीटरमागे ०.१३ युनिट दिसला. म्हणजे ८० टक्के भारात २०.८ युनिट वीज मिळाली. यावरून पूर्ण क्षमता २६ युनिट, अर्थात मूळच्या सुमारे ८७ टक्के ठरते. वातानुकूलनाची वीज या सरासरीत धरली जाते किंवा नाही, हे माहितीपुस्तिकेत पाहावे.

हीच मोटार घरी पुन्हा भारित करताना मीटरवर २४ युनिट नोंदले गेले, तर २४ ला ०.८ ने भागून उत्तर ३० येते आणि बॅटरी नव्यासारखीच असल्याचा भ्रम होतो! वस्तुतः भारणात साधारणतः १० ते १५ टक्के वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. ती वजा केल्याशिवाय मीटरवरील आकडा ग्राह्य मानू नये.

दक्षता

फलकावरील 'उर्वरित अंतर' हा क्षमतेचा पुरावा नव्हे. ते अलीकडच्या चालवण्यावर अवलंबून असते. एका चाचणीवर विसंबू नये. समान तापमानात दोन-तीन वेळा मापन करावे. बॅटरी व्यवस्थापन प्रणालीतील नोंदी अधिकृत सेवा केंद्रात तपासून घ्याव्यात. लोह-फॉस्फेट प्रकारच्या बॅटरीत भाराचा अंदाज चुकण्याचा संभव अधिक असल्याने चाचणीपूर्वी ती पूर्ण भारित करणे आवश्यक आहे. किती टक्क्यांखाली क्षमता गेल्यास भरपाई मिळते, हे वॉरंटीपत्रात वाचावे.

उर्वरित उपयोग

मोटारीसाठी अपुरी ठरलेली बॅटरी सौर वीज साठवण्यास उपयोगी पडू शकते. वापर संपलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार उत्पादकांवर आहे. छत्तीसगढमधील कटघोरा येथे लिथियमचे साठे आढळले असले, तरी हाती असलेल्या बॅटरीचे आयुष्य जपणे ही खनिजाचीच बचत आहे. त्याचा आरंभ अचूक मापनापासून होतो.